पाकिटावरची तारीख ही व्यापाऱ्याची जबान आहे

रमजानचा महिना जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये घरोघरी छोटे धंदे सुरू होतात. कोणी कांदा तळून पाकिटे भरतो, कोणी बिर्याणीचा मसाला कुटतो, कोणी शेवया आणि सुक्यामेव्याचे तयार मिश्रण विकतो. कोकणातील आपल्या भगिनींचा घरगुती मसाला मुंबईला आणि तेथून पाहुण्यांच्या सामानातून आखातात जातो. आपली मुले-मुली हलाल कमाईसाठी स्वतःच्या पायावर उभी राहत आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु हा माल ज्या पाकिटात भरला जातो, त्या पाकिटाचा विचार आपण किती करतो? मालाची चव जमवण्यात आपण महिना घालवतो आणि पाकिटाची फिल्म मात्र ठोक दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत घेऊन येतो.

मी कापडाचा व्यापारी. खाद्यपदार्थ हा माझा धंदा नव्हे. तरीही या विषयावर लिहावेसे वाटले, याचे कारण घरातच घडले. माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी रमजानसाठी तळलेला कांदा भरला. कांदा उत्तम, तेल चांगले, तळणी एकसारखी. पाचशे पाकिटे आसपासच्या किराणा दुकानांत गेली. तिसऱ्या आठवड्यात दुकानदार पाकिटे परत करू लागले. कांदा मऊ पडला होता आणि तेलाला खवट वास येत होता. पिशवी साधी, पारदर्शक आणि पातळ होती. विकणाऱ्याने सांगितले होते, ‘‘सगळे हीच नेतात.’’ आणि पाकिटावर छापले होते, ‘सहा महिन्यांच्या आत वापरावे’.

मी विचारले, ‘‘सहा महिने हे तुला कोणी सांगितले?’’

तो म्हणाला, ‘‘मामू, सगळेच तेवढे लिहितात. मोठ्या कंपनीच्या पाकिटावर पाहून लिहिले.’’

पैशाच्या नुकसानीपेक्षा हे उत्तर मला जास्त बोचले. कारण पाकिटावरची तारीख ही नक्षी नव्हे. ती व्यापाऱ्याची जबान आहे. आपण ग्राहकाला लेखी सांगतो की, या दिवसापर्यंत हा माल खाण्यालायक राहील. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. व्यापाऱ्याने पावसाची सबब सांगितली, तेव्हा ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे असे बजावले. ही घटना आपण सर्वांनी खुतब्यात ऐकली आहे. त्या ढिगात निदान हात तरी घालता येत होता. सील केलेल्या पाकिटात ग्राहकाला हात घालायलाही जागा नसते. तो फक्त आपल्या छापील शब्दावर विश्वास ठेवतो. आणि तो शब्द पाळण्याचे काम आपल्या गैरहजेरीत, दुकानाच्या फळीवर, ती फिल्म करीत असते. म्हणून फिल्मची निवड हा खरेदीखात्याचा किरकोळ मामला नसून अमानतीचा प्रश्न आहे, असे माझे मत आहे.

आधी मालाचा दुश्मन ओळखा

फिल्मच्या दुकानात जाण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा. माझा माल कशामुळे बिघडतो? दुश्मन मुख्यतः चार आहेत: ओल, हवेतला प्राणवायू, उजेड आणि मालाचेच तेल वा आंबटपणा.

शेवया, पापड, सुका मसाला यांचा मोठा दुश्मन ओल. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत ओल इतकी असते की, उघडा ठेवलेला पापड काही तासांत नरमतो. तळलेला कांदा, फरसाण, काजू-पिस्ते यांना ओल तर नकोच, पण त्यांतील तेलाला प्राणवायू लागला की ते खवट होते आणि उजेडाने हे काम अधिक लवकर होते. मिरचीपूड उजेडात राहिली की रंग उतरतो. लोणच्याची गोष्ट निराळी. त्याचे तेल आणि आंबट खार आतून फिल्मवरच हल्ला करतात. फिल्मचे थर ज्या गोंदाने चिकटवलेले असतात तो गोंद हलका असेल, तर काही आठवड्यांत थर सुटून पाकिटाला फुगवटे येतात. सुक्या बोंबलाला वास आत ठेवणारी फिल्म पाहिजे, नाहीतर दुकानदार शेजारी चहापत्ती ठेवणार नाही.

आता प्रत्येक फिल्म प्रत्येक दुश्मनाला रोखत नाही. पॉलिथिन पाण्याची वाफ चांगली अडवते, पण प्राणवायू तिच्यातून सहज जातो. पॉलिप्रॉपिलिनची चकचकीत पिशवी तशीच. नायलॉनचे उलट आहे. ते प्राणवायू अडवते, पण ओल जाऊ देते. पॉलिएस्टर मजबूत आहे, छपाई सुंदर घेते आणि प्राणवायूला पॉलिथिनपेक्षा कितीतरी अधिक रोखते. पॉलिएस्टरवर अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा दिला की त्याला मेटलाइज्ड फिल्म म्हणतात. तो मुलामा एका मायक्रॉनच्याही छोट्या हिश्श्याएवढा असतो, तरी ओल, प्राणवायू आणि उजेड तिघांना बराच आवर घालतो. मात्र घड्या पडल्या की तो तडकतो. खऱ्या अॅल्युमिनियमची फॉइल या सर्वांत भारी. पाकिटात ती बहुधा 7 ते 9 मायक्रॉनची असते. इतक्या पातळ फॉइलमध्ये सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहू शकतात, पण दोन्ही बाजूंना फिल्म असल्याने ती झाकली जातात.

माझ्या भाच्याच्या पिशवीने प्राणवायू अडवला नाही, उजेड अडवला नाही, आणि सीलमध्ये कांद्याचा भुगा अडकल्याने ओलही आत शिरली. दोष कांद्याचा नव्हता.

अबरा, बक्रम आणि अस्तर

कापडवाल्यांना हा विषय समजायला अवघड नाही. शेरवानी कशी शिवतात? बाहेरचे कापड म्हणजे अबरा, मध्ये ताठपणासाठी बक्रम आणि आत अंगाला लागणारे अस्तर. टिकाऊ मालाचे चांगले पाकीट असेच तीन पदरी असते. बाहेर 12 मायक्रॉनचे पॉलिएस्टर हा अबरा. त्याच्या आतल्या अंगाला छपाई करतात, म्हणजे शाई दोन थरांत बंद राहते. हात लागून पुसत नाही आणि अन्नालाही लागत नाही. मध्ये फॉइल किंवा मेटलाइज्ड फिल्म, हे बक्रम. आत पॉलिथिन, साधारण 50 मायक्रॉन किंवा अधिक, हे अस्तर.

ग्राहक अबरा पाहतो. पण सील होते ते अस्तराला अस्तर चिकटून. अन्नाला लागते तेही अस्तरच. आणि सस्त्या मालात काटछाट होते ती अस्तरातच, कारण ती बाहेरून दिसत नाही. कपड्याच्या धंद्यातही हेच चालते, हे आपण जाणतो.

भाव किलोचा नव्हे, पाकिटाचा काढा

फिल्म किलोवर विकली जाते आणि येथेच आपले लोक चुकतात. सुताचे जसे काउंट आणि कापडाचे जसे जीएसएम, तसे फिल्मचेही वजन काढता येते. मायक्रॉनला घनतेने गुणले की एका चौरस मीटरचे ग्रॅम मिळतात. पॉलिथिनची घनता सुमारे 0.92, पॉलिएस्टरची 1.4 आणि अॅल्युमिनियमची 2.7.

12 मायक्रॉन पॉलिएस्टर आणि 50 मायक्रॉन पॉलिथिन यांचे दुपदरी पाकीट घ्या. सुमारे 17 अधिक 46, वर थोडा गोंद, म्हणजे 66 ग्रॅमच्या आसपास. एका किलोत सुमारे 15 चौरस मीटर फिल्म आली. 15 बाय 20 सेंटिमीटरच्या पाकिटाला दोन्ही बाजू धरून 0.06 चौरस मीटर लागते. म्हणजे किलोत साधारण 250 पाकिटे. मध्ये 9 मायक्रॉनची फॉइल घातली तर वजन सुमारे 92 ग्रॅम होते आणि किलोत 180 पाकिटेच निघतात. म्हणजे फॉइलचा किलोचा भाव वरकरणी थोडाच जास्त दिसला, तरी पाकिटामागे फरक मोठा पडतो. उलट कोणी किलोला स्वस्त भाव सांगून जाड, जड फिल्म दिली तर स्वस्ताई कागदावरच राहते. म्हणून विक्रेत्याला किलोचा भाव विचारा, पण हिशेब हजार पाकिटांचा मांडा.

सांगितल्याप्रमाणे माल मिळाला की नाही, हे तपासणेही सोपे आहे. फिल्मचा 10 सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद तुकडा नीट कापा आणि ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. आलेल्या ग्रॅमला शंभराने गुणा. वरच्या तीन पदरी फिल्मचा तुकडा 0.92 ग्रॅमच्या जवळपास भरला पाहिजे. तो 0.80 भरला, तर अस्तर कोठे गेले हे विक्रेत्याला विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. पवित्र कुरआनात माप-तोलात कमी देणाऱ्यांना सक्त ताकीद आहे. ती देणाऱ्यासाठी आहे. पण घेणाऱ्याने डोळे मिटून घ्यावे असा तिचा अर्थ नाही.

सील कच्चे तर सर्व कच्चे

महाग फॉइल घेतली आणि सील कच्चे राहिले, तर तो पैसा पाण्यात गेला. सील तीन गोष्टींवर ठरते: उष्णता, दाब आणि वेळ. उष्णता कमी पडली तर पदर नुसते चिकटतात, एकजीव होत नाहीत. जास्त झाली तर अस्तर वितळून काठाशी पातळ पडते आणि तेथेच फाटते. फिल्म बदलली की मशिनचा काटा पुन्हा जुळवावा लागतो. जुन्या फिल्मच्या काट्यावर नवी फिल्म चालवणे ही नेहमीची चूक आहे.

दुसरी चूक भरताना होते. मसाल्याची पूड किंवा तेलाचा थेंब सीलच्या जागी लागला की तेथे बारीक वाट राहते. लांब नळीचे नरसाळे वापरावे, भरल्यावर तोंड आतून पुसावे. आणि खरेदी करतानाच सांगावे की माल पुडीचा किंवा तेलकट आहे, अस्तरात एलएलडीपीईचे प्रमाण चांगले पाहिजे. हे पॉलिथिन थोडी पूड वा तेल असतानाही साध्या पॉलिथिनपेक्षा चांगले सील धरते.

तपासणीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. भरलेले पाकीट पाण्याच्या घमेल्यात बुडवून दाबा. बुडबुडा आला की सील कच्चे. दुसरी पद्धत अशी की, रिकाम्या सील केलेल्या पाकिटाची एक बाजू कापून आत रंगीत पाणी आणि भांडी घासण्याच्या साबणाचा एक थेंब घाला व सीलवर फिरवा. रंग बाहेर झिरपला की वाट सापडली. दिवसातून दोन-तीनदा, मशिन सुरू करताना तर हमखास, हे करावे.

कपात किंवा डबीत माल भरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. वरची झाकणफिल्म डबीच्याच जातीशी जुळली पाहिजे. पॉलिप्रॉपिलिनच्या डबीवर पॉलिथिनच्या अस्तराची फिल्म लावली, तर ती प्रवासात सुटून येते. डबी आणि फिल्म वेगवेगळ्या दुकानांतून घेणाऱ्यांची येथे फसगत होते.

मांसाच्या पदार्थांबाबत कळकळीची विनंती

येथे मला हात जोडून सांगावयाचे आहे. काही तरुण घरी शिजवलेला खिमा किंवा निहारी व्हॅक्यूम पिशवीत भरून, पिशवी उकळत्या पाण्यात ठेवून, ‘फ्रिजविना टिकते’ म्हणून विकण्याचा विचार करतात. कृपा करून हे करू नये. हवा काढल्याने जंतू मरत नाहीत. बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारा जंतू हवा नसलेल्या जागीच वाढतो आणि त्याचे बीज 100 अंशाच्या उकळत्या पाण्यात जिवंत राहते. पदार्थाचा पीएच 4.6 पेक्षा जास्त असेल, म्हणजे तो पुरेसा आंबट नसेल, तर हा धोका खरा आहे. अशा विषाला वास वा चव असेलच असे नाही.

असा माल फळीवर टिकवायचा तर रिटॉर्ट ही पद्धत आहे. दाबाखाली साधारण 121 अंशाला ठरावीक वेळ पाकीट तापवतात. सैन्यासाठी अशा पाकिटांवर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने मोठे काम केलेले आहे. त्यासाठी फिल्मही वेगळी. अस्तर पॉलिथिनचे चालत नाही, कारण ते त्या उष्णतेपूर्वीच वितळते. कास्ट पॉलिप्रॉपिलिनचे अस्तर, मध्ये फॉइल आणि पुष्कळदा नायलॉनचा एक पदर लागतो. यंत्र, परवाना आणि तज्ज्ञांनी ठरवून दिलेला वेळ, यांशिवाय हे काम करायचे नाही. ज्याच्याकडे हे नाही त्याने खिमा ताजा विकावा किंवा गोठवून विकावा. त्यातही बरकत आहे. कोणाच्या घरात मातम आणून मिळवलेल्या पैशात ती नाही.

फिल्म हलाल आहे काय?

हा प्रश्न काहींना विचित्र वाटेल, पण परदेशात माल पाठवणाऱ्यांना तो विचारला जातो. फिल्म बनवताना स्टिअरेटसारखी द्रव्ये अगदी अल्प प्रमाणात घालतात. ती ताडाच्या तेलापासूनही बनतात आणि जनावरांच्या चरबीपासूनही. शंका-कुशंकांत पडण्याची गरज नाही. उत्पादकाकडून ही द्रव्ये वनस्पतिजन्य असल्याचे एका ओळीचे पत्र मागावे. चांगले कारखाने ते देतात.

त्याबरोबरच फिल्म अन्नासाठी योग्य असल्याचेही लेखी घ्यावे. पॉलिथिनसाठी आयएस 10146 आणि पॉलिप्रॉपिलिनसाठी आयएस 10910 ही भारतीय मानके आहेत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांत वर्तमानपत्राच्या कागदात अन्न गुंडाळण्यास मनाई केलेली आहे. तोंडी ‘फूड ग्रेड आहे’ म्हणणे हा पुरावा नव्हे. बिलावर लिहून घ्यावे.

कंजूषी नको, इस्राफही नको

याचा अर्थ प्रत्येकाने फॉइलच वापरावी असा नाही. जी खारी आणि जे टोस्ट आठवड्यात खपतात त्यांना तीन पदरी फॉइल घालणे हा इस्राफ आहे. त्याचा भार ग्राहकाच्या खिशावर पडतो. शिवाय प्लास्टिक आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चिकटलेली फिल्म वेगळी करून पुन्हा वापरणे फार कठीण असते आणि ती शेवटी आपल्याच मोहल्ल्याच्या गटारात जाते. सुक्या शेवयांचे काम चांगल्या जाड पॉलिथिनने भागत असेल तर तेच घ्यावे. गरज असेल तेथे कंजूषी करू नये, गरज नसेल तेथे चमक विकत घेऊ नये.

काही वडीलधारी म्हणतात, आमचे बाप-दादे कागदाच्या पुडीत माल देत, तेव्हा कोणाचे काय बिघडले? हे खरे आहे. पण ती पुडी त्याच दिवशी घरी उघडली जात असे. तिच्यावर सहा महिन्यांचा वायदा छापलेला नव्हता. वायदा करणाऱ्याला वायद्याचे सामानही बाळगावे लागते.

तारीख कशी ठरवावी?

पहिल्या घाणीतील वीस-पंचवीस पाकिटे विकू नयेत. प्रत्येकावर भरल्याचा दिवस आणि वजन लिहावे. निम्मी स्वयंपाकघराच्या ओलसर कोपऱ्यात, निम्मी दुकानाच्या उजेडातल्या फळीवर ठेवावीत. दर आठवड्याला वजन करावे आणि दोन्ही ठिकाणचे एकेक उघडून वास, चव, कुरकुरीतपणा पाहावा. सुक्या मालाच्या पाकिटाचे वजन वाढत असेल तर ओल आत जात आहे. ज्या आठवड्यात दोष दिसला, त्याच्या बऱ्याच अलीकडची तारीख छापावी. हिवाळ्यात केलेल्या तपासणीवर पावसाळ्याची तारीख ठरवू नये.

मोठी तपासणी हवी असेल तर मुंबईत अंधेरीला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग आहे. 1966 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत फिल्ममधून किती वाफ आणि किती प्राणवायू जातो हे मोजून मिळते. एकट्या छोट्या धंदेवाल्याला हा खर्च जड जाईल. पण एकाच जातीचा माल करणारे पाच-सहा जण मिळून एक फिल्म ठरवतील, तर तपासणीचा खर्चही वाटला जाईल आणि कारखान्याकडून रोलही थेट घेता येईल. छापील रोलसाठी प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर काढावा लागतो आणि माल मोठ्या प्रमाणात उचलावा लागतो. तेव्हा सर्वांनी एकच कोरी, चांगली फिल्म घ्यावी आणि आपापले लेबल लावावे. आपल्या अंजुमन आणि व्यापारी संघटना जलसे पुष्कळ घेतात. एखाद्या वर्षी त्यांनी दहा छोट्या उद्योगांच्या पाकिटांची तपासणी करून दिली, तर ती मोठी खिदमत ठरेल.

माझ्या भाच्याने धंदा सोडला नाही. आता तो मेटलाइज्ड पॉलिएस्टर आणि पॉलिथिनचे पाकीट वापरतो, नरसाळ्याने भरतो आणि रोज घमेल्यात पाकिटे बुडवून पाहतो. त्याने ठेवलेली पाकिटे चार महिन्यांनंतरही चांगली निघाली, तरी तो पाकिटावर अडीच महिनेच छापतो. एका दुकानदाराने म्हटले, ‘‘शेजारच्याच्या पाकिटावर सहा महिने आहेत, तुझ्यावर अडीचच का?’’ भाच्याने उत्तर दिले, ‘‘चाचा, मी अडीच महिने पाहिले आहेत. सहा मी पाहिलेले नाहीत.’’ दुकानदाराने माल ठेवून घेतला.

अल्लाह आपणा सर्वांना सचोटीची तिजारत करण्याची तौफिक देवो आणि आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.